दोनदा डॉक्टर झालेला काशप्पा

हैदराबाद राज्यातल्या मंठाळ गावात उन्हाळा तापायला लागला की घराघरांत माणसं पाय लांब करून बसलेली दिसायची. कुणाच्या घोट्यावर, कुणाच्या पोटरीवर फोड यायचा. त्याची आग आग व्हायची, मग तो फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत तोंड बाहेर काढायचा. हाच नारू. त्याचं कुणाला नवल नव्हतं. 'औंदा आमच्यात दोघं बसलेत' असं माणसं पाहुण्यारावळ्याची खबर सांगावी तसं सांगत, आणि पेरणीच्या तोंडावर अर्धं गाव बसलेलं असे.

काशप्पा हा शरणप्पांचा धाकटा मुलगा. घर लिंगायतांचं, जमीन चांगली काळी, जोडीला तुरीचा थोडा व्यापार. घरात कानडी, गल्लीत मराठी आणि कचेरीत उर्दू, अशा तीन भाषांत तो वाढला. थोरली बहीण गंगव्वा, त्याची अक्का, त्याला आईसारखी. तिचं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली ती गुडघ्यात नारू घेऊन. गावात नारू काढायचं काम मठातल्या शिवय्या स्वामींचं. ते जंताचं तोंड बारीक काडीला गुंडाळत, रोज थोडं थोडं ओढत. काम चांगलं चाललं होतं. एका सकाळी चुलीवरचं दूध उतू जायला लागलं म्हणून गंगव्वा विसरून झटक्यात उठली आणि काडीला हिसका बसून जंत आतच तुटला.

दिवस मावळेपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा सुजला. ताप डोक्यात गेला. ती जगली, पण पाय वाकला तो वाकलाच. सासरची माणसं एकदा येऊन बघून गेली, परत आली नाहीत.

काशप्पा तेव्हा शाळेत जाणारा पोरगा. त्याला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. शिवय्या म्हणाले, "हुतंय कधी कधी असं." अप्पा म्हणाले, "तिचं नशीब." आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले. दोऱ्याएवढ्या जंतानं अक्काचा संसार मोडला आणि कुणाच्या घासातही खंड पडला नाही. हे त्याच्या डोक्यातून जाईना.

तो गुलबर्ग्याला शिकला, तिथून हैदराबादच्या मेडिकल कॉलेजात गेला. तिथलं शिक्षण उर्दूत. शरीराची चिरफाड शिकायच्या विषयाला 'तशरीह' म्हणत आणि आरोग्यरक्षणाच्या विषयाला 'हिफ्झाने सेहत'. पहिल्या विषयाला पोरं जीव टाकत, दुसऱ्याला डुलक्या घेत. नारूवर पुस्तकात पानभर मजकूर होता. जंत पाण्यातून पोटात जातो, वर्षभरानं पायातून बाहेर येतो आणि पाण्यातच आपली पिल्लं सोडतो. काशप्पानं ते पान पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पास झाला. ते पान आणि मंठाळ यांची त्याच्या मनात भेट झालीच नाही.

नोकरी लागली आळंदच्या सरकारी दवाखान्यात. शिवम्माशी लग्न झालं. आणि थोड्याच दिवसांत त्याचं नाव झालं ते नारूवरच. त्याचा हात हलका होता. घाई करायची नाही, ओढायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय गार पाण्यात ठेवायचा. गार पाण्यानं आग थांबते, जंत सैल पडतो, आपण होऊन बाहेर येतो. "दिवसातून दोनदा गार पाण्यात पाय सोडून निवांत बसा," हे तो प्रत्येकाला सांगे. त्याच्या हाताखाली जंत क्वचितच तुटे. उमरग्याकडून, अक्कलकोटाकडून बैलगाड्या भरून माणसं यायला लागली. मंठाळला गेला की तो शिवय्यांना आणि अक्काला हेच शिकवून येई. गंगव्वाला तर त्याचा केवढा अभिमान. कुणाला फोड दिसला की लंगडत जाऊन सांगायची, "आमच्या काशानं सांगितलंय, गार पाणी."

आळंदजवळचा किशनराव नावाचा एक शेतकरी होता. सलग तिसऱ्या उन्हाळ्यात तो दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला आणि हसत म्हणाला, "डॉक्टरसाब, औंदा उजव्या पायाची पाळी."

"परत?"

"परत म्हंजे, येतोच की दरसाली. तुमच्या हाताला गुण हाय बगा. फुडच्या साली बी तुमच्याकडंच येनार."

काशप्पाही हसला. दुपारी जेवताना मात्र त्याचा हात ताटातच थांबला. शिवम्मानं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "तो माणूस बरा होऊन जाताना पुढच्या वर्षीचा नारू ठरवून जायलाय. आणि मी त्याला हो म्हणालो."

त्याच सुमारास सरकार काही डॉक्टरांना सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठवणार असल्याचं कळलं. काशप्पानं आपलं नाव दिलं. आळंदमधल्या लोकांना वाटलं, चांगला चालता दवाखाना सोडून हा कुठं निघाला. मंठाळात अप्पांना तर काही उमजेना.

"डॉक्टर झालास की. आता परत कशाची शाळा?"

"अप्पा, ती डॉक्टरकी आजारी माणसाची. ही गावाची."

"गाव आजारी पडतंय व्हय?"

"पडतंय की. दर उन्हाळ्यात."

शरणप्पांनी पुढं काही विचारलं नाही. शिवम्माला सासरी ठेवून काशप्पा गुलबर्ग्याच्या स्टेशनावर गाडीत बसला.

कलकत्त्याला सगळंच निराळं. इथं पलंग नव्हते, रोगी नव्हते. शिकणारे सगळे आधीच डॉक्टर झालेले, वेगवेगळ्या मुलखांतून आलेले. त्यांना गटारांच्या कडेनं चालवत, विहिरींत डोकवायला लावत, बाजारात माश्या कुठं बसतात ते बघायला उभं करत. एक म्हातारे बंगाली प्राध्यापक पाणी शिकवायचे. त्यांचा आवाज इतका हळू की पुढं सरकून बसावं लागे. त्यांचं पहिलंच वाक्य काशप्पाला चमत्कारिक वाटलं होतं. ते म्हणाले, "दवाखान्यात तुम्ही आजारी माणसाची वाट बघत होता. आता जो आजारी पडला नाही त्याच्या घरी जा आणि का पडला नाही ते विचारा."

एक दिवस त्यांनी राजपुतान्याकडून आलेल्या एका हमालाला वर्गात आणलं. त्याच्या घोट्यातून नारू डोकावत होता. समोर घमेल्यात नितळ पाणी ठेवलं होतं. काशप्पा मनात सुखावला. इतरांनी हा रोग पुस्तकातच पाहिला होता, त्याला तर तळहातासारखा माहीत.

"या माणसाची आग होते आहे," प्राध्यापक म्हणाले. "कोण काय सांगेल?"

काशप्पा उठला. "गार पाण्यात पाय बुडवायला सांगेन. लगेच आराम पडतो. माझ्या हाताखाली शेकडो माणसं..."

"बुडवा."

हमालानं पाय घमेल्यात ठेवला आणि सुस्कारा सोडला. थोड्या वेळानं जंताच्या तोंडाशी दुधाचा थेंब सांडल्यासारखं पांढुरकं काहीतरी पसरलं. पसरत गेलं. मग पाणी परत नितळ दिसायला लागलं. प्राध्यापकांनी त्यातला एक थेंब काचेवर घेतला आणि काशप्पाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं.

त्या थेंबात वळवळ होती. मोजता येणार नाहीत इतकी पिल्लं, शेपट्या मारणारी, एकमेकांवरून जाणारी. शेजारी दुसऱ्या काचेवर डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसणारा पाणकिडा होता, आणि त्याच्या पोटात तीच पिल्लं वेटोळं करून बसलेली.

"हा किडा पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो," प्राध्यापक म्हणाले. "हे तुम्ही वाचलेलं आहे."

"हो."

"तुमचे रोगी पाय कुठं बुडवतात?"

"घरी. बादलीत."

"तुमच्याकडं उन्हाळ्यात घरोघरी बादलीभर पाणी पाय बुडवायला असतं?"

मंठाळात बारवेच्या पायऱ्या उतरून, भरलेली घागर डोक्यावर घेऊन, धापा टाकत वर यावं लागे. त्या पाण्यात पाय कोण बुडवेल? त्यानं 'गार पाण्यात निवांत बसा' असं सांगितल्यावर माणसं कुठं जाऊन बसली असतील, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. अक्का कुठं बसते ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. बारवेच्या शेवटच्या पायरीवर. तिथं बसून ती त्याला हसून हाक मारायची.

तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आळंदला येणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोरून जायला लागल्या. एकेका गाडीतल्या माणसाला त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं होतं, जा, गावाच्या पिण्याच्या पाण्यात पाय सोडून बस. किशनराव दरसाल येणारच होता. त्याला दरसाल बोलावणारा हाच.

प्राध्यापक त्याच्यामागून आले. त्यांनी समजूत काढली नाही. पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. काशप्पानं तो प्यायच्या आधी उजेडाकडं धरला, तेव्हा ते म्हणाले, "आता शिकायला सुरुवात झाली. एक सांगा, तुमच्या गावात नारू कुणाला होत नाही?"

"सगळ्यांना होतो."

"सगळ्यांना कुठलाच रोग होत नाही. घरी गेल्यावर शोधा."

तो परतला ते ऐन उन्हाळ्यात, नवी पदवी घेऊन. आळंदवरून बैलगाडी मंठाळच्या शिवेत शिरली तेव्हा बायका पाणी भरत होत्या. बारव गावाच्या वेशीबाहेरच होती. शरणप्पांच्या वडिलांनी एका दुष्काळात ती खणून घेतली होती, दगडी पायऱ्या बांधल्या होत्या आणि गावाला मोकळी करून दिली होती. म्हाताऱ्या बायका अजूनही पहिली पायरी उतरताना तिला हात लावून कपाळाला लावत.

काशप्पा गाडीतून उतरला आणि वरून खाली पाहिलं.

शेवटच्या पायरीवर गंगव्वा बसली होती. धडका पाय पोटरीपर्यंत पाण्यात, घोट्याला काडी बांधलेली. तिच्या शेजारी आणखी दोघी तशाच. आणि हातभर अंतरावर एक सून घागर बुडवत होती.

"आलास का रे काशा?" गंगव्वा खालून म्हणाली. तिचं तोंड खुललं होतं. "बग, तू सांगितल्यावानीच करायलेय. लई गार वाटायलंय."

तो बूट न काढता पायऱ्या उतरला. बारवेत पायताण कुणी नेत नसे. बायका घागरी धरून भिंतीला चिकटल्या.

"अक्का, पाय काढ."

"कामून?"

"काढ म्हणतो ना."

ती हलली नाही, त्याला काय झालं ते कळत नव्हतं. त्यानं वाकून तिला उचललं आणि लहान पोरासारखी पोटाशी धरून वर आणलं. भावानं बहिणीला असं चारचौघांत उचलून नेलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. गंगव्वा शरमेनं पदरात तोंड घालून रडायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "कलकत्त्याचं पाणी बाधलं ह्याला."

घरात त्याची आई, अव्वा, तांब्या घेऊन दारातच उभी होती. बाहेरून आलेल्या लेकाला आधी पाणी. ती हात पुढं करून उभी राहिली. शेजारी अक्का हुंदके देत होती, ओट्यावर अप्पा होते, दारात गल्ली गोळा झाली होती. काशप्पानं तांब्यातल्या पाण्याकडं बघितलं. ते कुठलं आहे आणि त्यात काय असू शकतं, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मग त्यानं अव्वाच्या तोंडाकडं बघितलं आणि पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर हिंडायला लागला. आजाऱ्यांकडं नाही, धडधाकट माणसांकडं. लोकांना वाटलं डॉक्टर भ्रमिष्ट झाला. गावात असं एक घर सापडेना जिथं मागच्या दोन-चार वर्षांत कुणी बसलं नव्हतं. पाटलांकडं होता, वाण्याकडं होता, मठात होता, मशिदीजवळच्या घरांत होता. म्हातारे प्राध्यापक चुकले असं त्याला वाटायला लागलं. मग त्याच्या ध्यानात आलं की एका बाजूला आपण गेलोच नाही. त्या बाजूला जायची सवयच नव्हती.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत राजूबाई नावाची बाई दारात तुराट्या मोडत होती. अंगणात डॉक्टर आलेला बघून ती उठून मागं सरकली.

"राजूबाई, तुमच्यात नारूनं कोण बसलंय?"

"आमच्यात?" तिनं आठवून बघितलं. "कुनी न्हाई की."

"मागल्या साली?"

"न्हाई. म्या नांदायला आल्यापून हितं कुनाला झाल्याचं ध्यानात न्हाई. हां, त्यो ग्यानबा बसलाय तेवढा."

"तुम्ही पाणी कुठलं पिता?"

राजूबाईला हा प्रश्न विचारण्यासारखाच वाटला नाही. "वड्यातलं. वाळूत झिरा उकरतो. बारवंत आम्हाला कोन उतरू देतंय?"

काशप्पा तिच्या अंगणात खालीच बसला. वाळूतून पाझरून आलेलं पाणी. त्यात किडा नाही, कुणाचा काडी बांधलेला पाय नाही. ग्यानबा पाय ओढत आला. तो शरणप्पांच्याच शेतावर सालगडी होता. तो म्हणाला, "मला मातर दरसाली हुतंय साहेब. तुमच्याच घरचं पाणी पितो की. अक्का वरून वततात, म्या वंजळीनं पितो. लई माया त्येंची."

ज्यांचा स्पर्श होऊ नये म्हणून गावानं बारव राखली होती, ते सगळे धडधाकट होते. राखणारे सगळे बसले होते. आणि वस्तीतला एकटा बसला होता तो अक्काच्या मायेनं. दोन्ही शिक्षणांत मिळून एवढा हादरा काशप्पाला बसला नव्हता. त्यानं राजूबाईकडं प्यायला पाणी मागितलं.

"आमच्यातलं?" ती घाबरून म्हणाली.

"तुमच्यातलंच."

ते पाणी तो प्याल्याची बातमी तो घरी पोचायच्या आधी घरी पोचली.

सकाळी शरणप्पा लिंगपूजा आटोपून बसले होते. रात्रभर ते त्याच्याशी बोलले नव्हते. आता म्हणाले, "कुठं पानी प्यालास काल?"

काशप्पानं पूजेच्या घागरीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, पेला दारातल्या उन्हात धरला आणि म्हणाला, "अप्पा, जरा बघा ह्यात."

शरणप्पांना आधी काही दिसलं नाही. त्यांनी पेला स्वतःच्या हातात घेतला, डोळे बारीक केले. एक पांढरा ठिपका टुणकन उडाला. मग दुसरा.

"हे काय हाय?"

"जीव हाय."

"ह्या पान्यात?"

"रोजच्याच पाण्यात."

"लिंगाला घालतो त्या?"

"त्याच. तीर्थ घेता त्यात बी."

शरणप्पा कडक माणूस. ज्या घरात अंडं फुटतं त्या घरचं पाणी ते घेत नसत. ते पेला धरून बसून राहिले. नारू कसा होतो, कुणाला होतो, वस्तीत का होत नाही, हे सगळं काशप्पानं त्यानंतर सांगितलं. त्यातलं त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. त्या दिवशी त्यांनी अन्न घेतलं नाही, पाणीही घेतलं नाही.

संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "माझ्या बापानं खनली ती बारव. दुष्काळात गाव जगवलं तिनं."

"जगवलं की, अप्पा. त्यात पाय सोडायला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं."

दोन दिवसांनी शरणप्पांनी स्वतः वडारांना बोलावून आणलं. पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत घातली, वर कठडा बांधला, कप्पी बसवली. आता पोहरा सोडून वरूनच शेंदायचं आणि दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं. गाव खवळलं. पाटील बंडेप्पा येऊन म्हणाले, "शरणप्पा, बापानं केलेलं पुन्य लेकानं बुजवलेलं आजवर ऐकलं न्हाई." बायका म्हणाल्या, शेंदायला हात कुठून आणायचे. काशप्पानं सगळ्यांना सांगितलं की येत्या उन्हाळ्यातही नारू येईल, कारण तो आत्ताच पोटात गेलेला आहे; त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बघा. एवढं लांबचं कोण ध्यानात ठेवतं? शिवम्माला बरोबर घेऊन तो जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी म्हणून गुलबर्ग्याला रुजू झाला आणि गावोगावच्या बारवा बघत हिंडायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात गाव पहिल्यासारखंच बसलं. भिंतीचे दोन दगड कुणीतरी ढकलून पाडले. नेमका तेव्हाच काशप्पा मंठाळला आला होता आणि त्याच्या घोट्यावर फोड आला.

त्यानं शिवय्यांना बोलावणं धाडलं. गावाला मात्र आनंद झाला म्हणायला हरकत नाही. वस्तीतलं पाणी प्याला, त्याचं फळ मिळालं, असं सगळीकडं झालं. घरी शिवय्या काडी घेऊन बसले. पाय बुडवायला घमेलं, आणि घमेल्यातलं पाणी लांब तापल्या फुफाट्यावर नेऊन ओतायचं. अव्वा पाय धरून बसली होती.

"कुठलं पानी लागलं रे तुला?"

"फिरतीवर असतो अव्वा. असेल कुठलं तरी."

ओट्यावरून शरणप्पा म्हणाले, "खोटं कामून बोलायलास? वरीस झालं बराबर. तू कलकत्त्याहून आलास, हिनं तांब्या दिला. मी बघत हुतो."

अव्वाचे हात जागच्या जागी थांबले.

"म्या दिलं व्हय?"

तिनं त्याचा पाय खाली ठेवला.

"तुला ठावं हुतं, त्या पान्यात हाय म्हनून?"

"व्हय."

"मग प्यालास कामून?"

"तू हात पुढं केला होतास."

ती उठली, आत गेली, परत बाहेर आली, कुठं बसावं ते तिला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कप्पीपाशी जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत सुटली, "माझ्या लेकाला नारू म्या पाजलाय. ह्या हातानं." ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, तोंड पांढरं पडलेलं, आणि तेच तेच सांगत होती. काशप्पाच्या सांगण्यानं जे झालं नव्हतं ते तिच्या सांगण्यानं झालं. बायकांनी लुगड्याची फडकी फाडली. आपल्या लेकराला आपल्या हातानं पाजण्याची धास्ती घराघरांत शिरली. पडलेले दगड बंडेप्पांनी स्वतः माणसं लावून बसवून घेतले.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थोडी माणसं बसली. नंतरच्या उन्हाळ्यात कुणीच नाही. पेरणीला सगळं गाव शेतात होतं आणि म्हातारी माणसं बांधावर उभी राहून हे असं कसं झालं म्हणत एकमेकांच्या पायांकडं बघत होती. शिवय्यांनी काडी ठेवून दिली.

काशप्पानं पुढं पुष्कळ गावांत पायऱ्या बुजवल्या. कुठं लोकांनी ऐकलं, कुठं हाकलून दिलं. आळंदला किशनराव भेटला तेव्हा काशप्पानं त्याची माफी मागितली. कशाची ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण मंठाळात एक गोष्ट त्याला जमली नाही. एका वर्षी ओढ्याची वाळू पार कोरडी पडली. राजूबाई आणि वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बारवेपासून लांब येऊन उभ्या राहिल्या. काशप्पा गावात होता. तो अप्पांना म्हणाला, "आता कुणी पाण्यात उतरत नाही. पोहरा आपला, दोर आपला. शेंदू देऊ की त्यांना."

शरणप्पा म्हणाले, "एकदा तुझं ऐकलं. ह्यात बोलू नको."

पाण्यातला ठिपक्याएवढा जीव बघून ज्या माणसानं अन्न टाकलं होतं, तोच हे बोलत होता. यावर उन्हात धरायला काशप्पाकडं कुठला पेला नव्हता. तो काही बोलायच्या आत गंगव्वा उठली, लंगडत कप्पीपाशी गेली, पोहरा सोडला आणि शेंदून राजूबाईच्या घागरीत ओतायला लागली. शरणप्पांनी तिला अडवलं नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तेच चाललं. ती शेंदायची, त्या लांब उभ्या राहायच्या.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात सगळीकडं धामधूम होती. अत्याचारांना भिऊन राज्याच्या सीमेपलीकडं पळालेली माणसं परतत होती, हैदराबादचं राज्य गेलं होतं. त्यातच शरणप्पा वारले. मातीला सगळं गाव आलं, वस्तीतली माणसं मागं उभी होती. माती देऊन लोक परतले तेव्हा काशप्पा बारवेजवळ हातपाय धुवायला थांबला. गंगव्वा राजूबाईच्या घागरीसाठी पाणी शेंदत होती. तिचा वाकडा पाय थकला होता. तिनं अर्ध्यात दोर थांबवला, मागं वळून राजूबाईला म्हणाली, "माझ्यानं हुईना आता. ये, धर."

राजूबाई जागची हलली नाही. बंडेप्पा तिथंच होते. त्यांनी काशप्पाकडं पाहिलं, गंगव्वाकडं पाहिलं, आणि तोंड दुसरीकडं फिरवून चालायला लागले.

राजूबाई पुढं आली आणि तिनं दोर धरला. कितीतरी वेळ ती नुसती धरूनच उभी होती. मग तिनं ओढायला सुरुवात केली. सवय नव्हती, पहिला पोहरा कडेच्या दगडावर आपटून अर्धा सांडला. दुसरा भरून वर आला.